घरातलीच म्हणता, मग तिच्या कामाचे मोल कोण देणार?

"ती आमच्या घरातलीच आहे हो." घरात राहून चोवीस तास काम करणाऱ्या बाईबद्दल विचारले की बहुतेक घरांतून हेच उत्तर येते. उत्तर गोड आहे, म्हणूनच ते तपासून घेतले पाहिजे. घरातली आहे, तर ती जेवते कुठे आणि कोणाच्या नंतर? झोपते कुठे? ताप आला तर तिच्या उशाशी कोण बसते? रविवारी ती कुठे जाते? तिच्यासाठी वेगळा कप, वेगळी थाळी का ठेवलेली असते? आणि घरातली आहे, तर घराच्या मिळकतीत तिचा वाटा किती?

या प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील तर ती घरातली नाही. ती कामगार आहे. आणि कामगार असेल तर तिच्या कामाला तास हवेत, सुट्टी हवी, ठरलेला रोख पगार हवा आणि हे सगळे कागदावर हवे. आमचे म्हणणे एवढेच आहे. पण एवढे म्हटले तरी भल्याभल्या पुरोगाम्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, म्हणून हा विषय सविस्तर मांडतो आहोत.

डोणगावात बसून आम्ही हे का लिहितो? कारण शहरातल्या त्या स्वयंपाकघरांपर्यंत जाणारी वाट आमच्यासारख्या गावांतूनच निघते. मेहकर तालुक्यातले आमचे गाव, आजूबाजूला सोयाबीन आणि कापूस. ज्यांच्याकडे वावर नाही त्यांनी दुसऱ्याच्या वावरात राबायचे, आणि तेही काम संपले की पुणे-मुंबई गाठायची. पोरगा गेला तर तो कंपनीत किंवा बांधकामावर जातो. बाई गेली तर कोणाच्या तरी घरात जाते. नवऱ्याने टाकलेली, विधवा झालेली, बारावीनंतर शिक्षण सुटलेली अशी कोणीतरी 'ब्युरो'च्या माणसाचा नंबर मिळवते आणि बाळ सांभाळायला किंवा अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची सेवा करायला निघते. यात आपल्या बौद्ध वस्तीतल्या लेकीबाळी आहेत, मातंग आहेत, भटक्या-विमुक्तांतल्या आणि आदिवासी आहेत. काहींना काम टिकावे म्हणून आडनावसुद्धा लपवावे लागते.

आता एक फरक बघा. हीच बाई सोयाबीनच्या सोंगणीला जाते तेव्हा आधी भाव ठरवते. एकरी किती, नाहीतर रोज किती, हे ठरल्याशिवाय ती विळा हातात घेत नाही. सूर्य कलला की काम थांबते. कापूस वेचणीला किलोमागे किती, हेही तिला माहीत असते. शेतमजुरीतही लूट आहे, ती आम्ही नाकारत नाही. पण तिथे निदान कामाला सुरुवात आहे आणि शेवट आहे. शहरातल्या घरात गेल्यावर तिचा सूर्य मावळतच नाही. पहाटे दुधाच्या पिशवीपासून रात्री बाळाच्या शेवटच्या बाटलीपर्यंत ती कामावर असते, आणि मधल्या झोपेतही कान उघडे ठेवूनच झोपते.

साधा हिशेब मांडू. समजा तिला महिन्याला १२,००० रुपये मिळतात. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत ती हाताशी असते, म्हणजे दिवसाचे १६ तास. आठवड्याची सुट्टी नाही, म्हणजे महिन्याचे ४८० तास. १२,००० भागिले ४८०, म्हणजे तासाला २५ रुपये. रात्रीचे उठणे यात धरलेलेच नाही. आठवड्याला ४८ तास काम करणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराचे महिन्याचे सरासरी २०८ तास भरतात. म्हणजे ही बाई त्याच्या दुपटीहून अधिक वेळ कामावर असते. ऐकताना १२,००० हा आकडा ठीक वाटतो, पण तासांनी भागला की तो उघडा पडतो. म्हणून आमच्या कार्यकर्त्यांनी पगार विचारताना आधी तास विचारावेत.

यावर लगेच उत्तर येते, "राहणे-खाणे फुकट आहे ना!" हा युक्तिवाद नीट ओळखा, कारण आपल्या पूर्वजांनी तो पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेला आहे. ती तिथे राहते ती कोणाच्या सोयीसाठी? रात्री दोनला बाळ रडले तर उचलायला कोणीतरी हवे म्हणून. पहाटे पाचला आजोबांना संडासला न्यायला कोणीतरी हवे म्हणून. स्वयंपाकघराच्या फरशीवर टाकलेली सतरंजी ही तिला दिलेली सवलत नाही, ती मालकाची गरज आहे. पहारेकऱ्याला बसायला खुर्ची दिली म्हणून त्याच्या पगारातून खुर्चीचे भाडे कोणी कापत नाही.

महारकी याहून वेगळी काय होती? कामाचे तास नाहीत, कामाची यादी नाही, हाक आली की निघायचे, आणि मोबदला म्हणून शिळी भाकरी आणि बलुते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच गुलामीविरुद्ध. आपला बुलढाणा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, मुंबई इलाख्यात नव्हता, पण गावकीचे जोखड इकडेही तेच होते. बाबासाहेबांचा रोख स्पष्ट होता. ज्या चाकरीला वेळेची मर्यादा नाही आणि जिचे वेतन देणाऱ्याच्या मर्जीवर आहे, ती चाकरी माणसाला माणूस राहू देत नाही. आपण वतन सोडले, शिळी भाकरी सोडली. मग आपल्याच लेकीने शहरात जाऊन 'राहणे-खाणे फुकट' या नावाखाली तीच भाकरी का स्वीकारावी?

कामगारांसाठी बाबासाहेबांनी काय केले हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आले. त्याचाच पुढे १९४८ चा किमान वेतन कायदा झाला. कारखान्यांचा आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्तीही १९४६ चीच. पण हे तास कारखान्याच्या दारापर्यंत आले आणि घराच्या उंबऱ्याबाहेर थांबले. उंबऱ्याच्या आतले काम हे कामच नाही, ती बायकांची 'माया' आहे, असे मानणारी व्यवस्था त्याला कारण आहे. या व्यवस्थेत जात आणि पुरुषसत्ता हातात हात घालून बसल्या आहेत. घाण काढणे, अंग पुसणे, भांडी घासणे ही कामे कोणाच्या वाट्याला यावीत हे मनूने आधीच ठरवून ठेवले होते. शहरातल्या फ्लॅटने त्यावर फक्त टाइल्स बसवल्या.

"घर ही खाजगी बाब आहे, तिथे कायदा कशाला?" असेही विचारले जाते. हाच प्रश्न हिंदू कोड बिलाच्या वेळी सनातन्यांनी विचारला होता. बाबासाहेबांनी लग्न, घटस्फोट, वारसा या घराच्या आतल्या गोष्टी कायद्याच्या कक्षेत आणायचा आग्रह धरला, आणि ते बिल रखडवले गेले हे त्यांच्या १९५१ च्या राजीनाम्याचे एक प्रमुख कारण होते. घराच्या भिंतीआड अन्याय होत असेल तर कायदा भिंतीच्या आत गेलाच पाहिजे, हा आपला वारसा आहे.

"ती स्वतःहून आली, कोणी जबरदस्ती केली का?" हा तिसरा आक्षेप. याचे उत्तर संविधानात आहे. कलम २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांना बंदी घातली. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरी आहे. भुकेने, गरिबीने आलेली लाचारी हीदेखील सक्तीच. पोट हातावर असलेल्या बाईने 'हो' म्हटले म्हणून लूट न्याय्य ठरत नाही.

आता जरा परदेशात डोकावू. युरोप-अमेरिकेत 'ऑ पेअर' नावाची पद्धत आहे. एखादी तरुण मुलगी परक्या देशातल्या कुटुंबात राहते, मुले सांभाळते, हलकी घरकामे करते, भाषा शिकते, आणि बदल्यात राहणे, जेवण आणि थोडे पैसे मिळवते. हा मूळ फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ आहे 'बरोबरीने'. १९६९ मध्ये युरोपीय देशांनी यासाठी एक करार केला. त्यात सर्वसाधारणपणे दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आठवड्याला एक पूर्ण दिवस सुट्टी, शक्य तिथे वेगळी खोली आणि सगळे लेखी, अशा अटी घातल्या.

पण 'बरोबरी' शब्दात असली म्हणून व्यवहारात येतेच असे नाही. अमेरिकेत हीच पद्धत 'सांस्कृतिक देवाणघेवाण' या नावाने चालते. तिथे आठवड्याला ४५ तासांपर्यंत काम आणि १९५.७५ डॉलर, म्हणजे तासाला सुमारे ४.३५ डॉलर, असा हिशेब वर्षानुवर्षे चालला. तिथल्या केंद्रीय किमान वेतनाचा दर तासाला ७.२५ डॉलर आहे, पण राहणे-जेवण वजा करून हा आकडा काढलेला होता. म्हणजे 'राहणे-खाणे फुकट' हे गाणे तिकडेही आहेच! अखेर या मुलींनी कोलोरॅडोतल्या न्यायालयात एजन्सींविरुद्ध सामूहिक दावा लावला आणि २०१९ मध्ये एजन्सींना साडेसहा कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या प्रकरणात वरिष्ठ न्यायालयाने सांगितले की राज्याचा वेतन कायदा या मुलींनाही लागू होतो. धडा सरळ आहे. 'कुटुंबातली' या शब्दाने मिळाले नाही ते हिशेब मागितल्याने मिळाले.

अमेरिकेचा विषय निघाला की देवयानी खोब्रागडे प्रकरण टाळून चालणार नाही. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधील भारताच्या उपमहावाणिज्यदूत असलेल्या खोब्रागडे यांना अटक झाली. त्यांच्या घरी राहून काम करणाऱ्या भारतीय स्त्रीच्या व्हिसासाठी तासाला ९.७५ डॉलर पगार दाखवला आणि प्रत्यक्षात महिना ३०,००० रुपयांचा वेगळा करार केला, असा तिथल्या सरकारी पक्षाचा आरोप होता. खोब्रागडे यांनी आरोप नाकारले. मार्च २०१४ मध्ये राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर खटला रद्द झाला, दोनच दिवसांत पुन्हा आरोप ठेवले गेले, पण त्या भारतात परतलेल्या असल्याने पगाराच्या प्रश्नाचा निकाल कधी लागलाच नाही.

कपडे उतरवून झडती घेणे हा त्या अधिकारी स्त्रीचा अपमान होता. त्याचा निषेध झाला तो योग्यच होता. आंबेडकरी पक्ष-संघटनाही रस्त्यावर उतरल्या, दिल्लीत अमेरिकी दूतावासासमोरचे अडथळे हटवले गेले. पण त्या गदारोळात दुसरी स्त्री, जी त्या घरात राहून काम करत होती, चर्चेतून गायब झाली. तिच्या पगाराचा प्रश्न 'परदेशी कट' या शब्दाखाली गाडला गेला. कोण दोषी, कोण निर्दोष हे ठरवण्याचा अधिकार आमचा नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. एका स्त्रीचा अपमान झाला म्हणून दुसऱ्या स्त्रीच्या मजुरीचा प्रश्न खोटा ठरत नाही. आंबेडकरी विचार मालकाची जात बघून मजुराचा हिशेब मागत नाही. तो दोन्ही अन्यायांविरुद्ध एकाच वेळी उभा राहू शकतो, राहिला पाहिजे.

हा प्रश्न आज आपल्या दारात आहे. आरक्षणाने, शिक्षणाने आपल्यातला एक वर्ग वर आला. नागपूर, पुणे, संभाजीनगरला आपले डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी, इंजिनिअर आहेत, याचा आम्हाला अभिमान आहे. नवरा-बायको दोघे नोकरीला, घरी लहान मूल किंवा थकलेले आईवडील. मग गावाकडून एखादी गरीब नातेवाइकाची पोरगी आणली जाते, "शिकवू तिला" असे सांगून. दिवाणखान्यात बाबासाहेबांचा फोटो, कपाटात त्यांच्या लेखनाचे खंड, आणि स्वयंपाकघरात ओट्याखाली झोपणारी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. शाळेचे नाव महिनाभरात मागे पडते. हे चित्र एका जरी घरात असेल तरी त्यावर बोलायला हवे. मूल १४ वर्षांखालचे असेल तर २००६ पासून त्याला घरकामाला ठेवणे हा सरळ गुन्हा आहे. नात्याने मामा लागतो की काका, याने कामाचे स्वरूप बदलत नाही.

"इतका पगार आम्हाला परवडत नाही," असे नोकरदार बहिणी म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे. पण एका बाईची नोकरी दुसऱ्या बाईच्या रात्रींवर उभी राहणार असेल तर ती मुक्ती अर्धीच. चोवीस तास परवडत नसतील तर आठ तास ठेवा. घरातल्या पुरुषांनी रात्री उठायला शिकावे. सरकारकडे पाळणाघरे मागा, वृद्धांसाठी सेवा मागा, आम्ही तुमच्या खांद्याला खांदा लावू. मात्र तुमच्या तुटपुंज्या उत्पन्नाची भरपाई सगळ्यात गरीब बाईच्या झोपेतून करू नका.

कायद्याचे चित्र काय आहे? महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळ कायदा आहे. नोंदणी आणि कल्याणकारी मदत यासाठी तो उपयोगी आहे, पण तास, साप्ताहिक सुट्टी आणि लेखी करार यांची सक्ती तो मालकावर करत नाही. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. त्यात आठवड्याला सलग २४ तास विश्रांती, सुट्टीच्या वेळी घरात थांबायची सक्ती नाही, ओळखपत्रे स्वतःजवळ ठेवायचा हक्क, हे सगळे आहे. भारताने बाजूने मत दिले, पण अजून त्याला अधिकृत मान्यता दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करायला समिती नेमण्याचे आदेश केंद्राला दिले. दरवाजा किलकिला झाला आहे. तो ढकलायला संघटित हात हवेत.

इथेच राहून काम करणाऱ्या बाईची खरी अडचण आहे. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, कारण त्या संध्याकाळी आपल्या वस्तीत परतत होत्या, नळावर एकमेकींना भेटत होत्या. चोवीस तासांच्या बाईला वस्तीच नाही. तिची शेजारीण म्हणजे समोरच्या फ्लॅटचे बंद दार. ती संप करू शकत नाही, सभेला येऊ शकत नाही. म्हणून तिच्यापर्यंत संघटनेने जायला हवे, आणि सुरुवात ती जिथून निघते त्या गावातून व्हायला हवी.

म्हणून गावोगावच्या तरुण कार्यकर्त्यांना आमचे काही ठोस सांगणे आहे.

१. कामाला बाहेर जाणाऱ्या प्रत्येक बाई-मुलीची नोंद वस्तीत ठेवा. कोणत्या शहरात, कोणत्या पत्त्यावर, ब्युरोचा माणूस कोण, फोन नंबर काय. विहारातली एक वही यासाठी पुरेशी आहे. ही वही दोन विश्वासू महिलांच्याच ताब्यात असू द्या.

२. निघण्याआधी एक साधा कागद मराठीत लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. त्यात कामे कोणती, तास किती, आठवड्याची सुट्टी कोणती, पगार किती आणि कोणत्या तारखेला, झोपायची जागा कुठे, हे असू द्या.

३. मूळ आधार कार्ड कोणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. पगार तिच्याच नावाच्या बँक खात्यात घ्या. मोबाइल तिच्याजवळच राहील, ही अट आधीच घाला.

४. ब्युरोकडून उचल घेऊ नका. उचलीपोटी काम सोडू दिले जात नसेल तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे जा.

५. ई-श्रम पोर्टलवर आणि घरेलू कामगार मंडळाकडे नोंदणी करा. नोंदणी म्हणजे हक्क मिळाला असे नाही, पण मोजणीत नसलेल्या माणसाचा हक्क कोणी विचारतही नाही.

६. लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्यात घर हेही कामाचे ठिकाण आहे. प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असावी लागते. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची आहे, म्हणून दडवून ठेवू नका. मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे नंबर वस्तीच्या भिंतीवर रंगवा.

आणि सरकारकडे आमची मागणी आहे. घरकामाचा ताशी किमान दर ठरवा. राहणे-खाणे पगारातून कापायला बंदी घाला. रात्री हाताशी राहण्याचा वेळ कामात धरा. छत्तीसगडने २०१३ मध्ये माणसे पुरवणाऱ्या एजन्सींसाठी कायदा केला, तसाच लगाम महाराष्ट्रातल्या ब्युरोंनाही घाला.

शेवटी एका शब्दाबद्दल. 'मोलकरीण' हा शब्द आज कमीपणाचा वाटतो. पण त्यात 'मोल' आहे. मोल घेऊन काम करणारी ती मोलकरीण. 'घरातलीच', 'मावशी', 'ताई' या शब्दांत माया असेल, मोल मात्र नाही. मावशी म्हणून हाक मारली की पगार मागायला तिचे तोंड उघडत नाही, आणि हेच त्या हाकेचे काम असते. तुम्ही तिला खुशाल मावशी म्हणा, पण पाच तारखेला पगार द्या, रविवारी सुट्टी द्या आणि झोपायला दाराला कडी असलेली जागा द्या.

आपल्या चळवळीने दया कधी मागितली नाही, हक्क मागितला. जी बाई आज सभेला येऊ शकत नाही, तिच्या वतीने तो मागणे हे आपले काम आहे. मागण्याआधी मात्र आपापल्या स्वयंपाकघरात एकदा डोकावून या.

जय भीम!